ग्रामच्या चिकणमातीतले कर्णाश्म

डेन्मार्कच्या दक्षिण जटलंडमध्ये ग्राम येथे विटांच्या कारखान्यासाठी खोदलेली मातीची खाण आहे. तिथल्या सुमारे 1 कोटी वर्षांपूर्वीच्या सागरी चिकणमातीत देवमाशांचे सांगाडेही मिळाले आहेत. माझे काम मात्र त्याच मातीतल्या काही मिलिमीटरच्या कर्णाश्मांशी आहे. ढोमा किंवा घोळ खाणाऱ्यांना माशाच्या डोक्यातला पांढरा खडा ठाऊक असतो, तोच हा. कॉड या थंड समुद्रातल्या माशासारख्या माशांची नाजूक हाडे मेल्यावर विखरून जातात, त्यामुळे या कुळाचा बराचसा इतिहास कर्णाश्मांवरूनच वाचावा लागतो.

त्या दिवशी भिजवून, चाळणीतून धुऊन वाळवलेला गाळ मी सूक्ष्मदर्शकाखाली ओल्या कुंचल्याने वेचत होते. कॉड कुळातील कर्णाश्मांचे दोन ढीग सहज पडले: एक लहान, पातळ आणि सपाट खड्यांचा, दुसरा मोठ्या, जाड आणि बाहेरच्या अंगाला फुगीर असलेल्यांचा. दोन वेगळ्या जाती वाटाव्यात इतका तो फरक ठळक होता. दुपारनंतर मात्र मधल्या मापाचे खडे एकामागून एक मिळू लागले आणि दोन ढिगांमधली दरी भरून आली. मग दिवा अगदी तिरपा करून मी प्रत्येकाची आतली बाजू पाहिली. तिथल्या खाचेची दोन्ही टोके लांबट गोल होती, मधला भाग चिमटीत धरल्यासारखा अरुंद होता आणि त्याच्या खाली बारीक कंगोरा होता. लहानापासून मोठ्यापर्यंत ही ठेवण तीच राहिली. वयानुसार बदलत गेली ती केवळ जाडी आणि कडा.

मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. कॉडसदृश माशांचे कर्णाश्म डेन्मार्कमध्ये पॅलिओसीन काळातील (सुमारे 6 कोटी वर्षांपूर्वीच्या) थरांतही मिळतात आणि मायोसीनपर्यंत, म्हणजे ग्रामची माती ज्या काळातली आहे त्या काळापर्यंत, उत्तर समुद्रात या माशांच्या अनेक शाखा दिसू लागतात. जर्मन जीवाश्मतज्ज्ञ अर्न्स्ट कोकेन यांनी उत्तर जर्मनीतील कर्णाश्मांवर 1884 मध्ये लिहिले, तेव्हापासून खड्यांवरूनच जातींना नावे देण्याचा प्रघात आहे. पण पिल्लाला एक आणि मोठ्या माशाला दुसरे नाव दिले गेले, तर प्रत्यक्षात न फुटलेली शाखा वंशवृक्षावर कायमची चढते. म्हणून तुलनेसाठी आजच्या माशांचे सर्व वयांचे कर्णाश्म हाताशी हवेत, आणि तेही ताज्या माशांतून काढलेले, कारण नमुने टिकवण्याचे द्रावण, फॉर्मालिन, आम्लधर्मी झाले की त्यात ठेवलेल्या माशाचा कर्णाश्म झिजतो.

संध्याकाळी ती सगळी मालिका मी एकाच जातीच्या नावाखाली नोंदवली. अगदी बारीक खड्यांत मात्र जवळच्या जाती वेगळ्या ओळखता येत नाहीत, म्हणून त्यांच्या डबीवर फक्त कुळाचे नाव लिहिले.