इंग्रजीच्या तासाला बोलण्याची पाळी

मराठी शाळांमध्ये गेल्या काही वर्षांत स्मार्ट टीव्ही, प्रोजेक्टर आणि टॅबलेट यांची जी भर पडली आहे, तिच्याविषयी शिक्षकांच्या खोलीत साधारण दोनच मते ऐकू येतात. आता मुले इंग्रजीत मागे राहणार नाहीत, हे एक. आणि या खेळण्यांनी काही होत नसते, हे दुसरे. नागपुरातल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत आठवी ते दहावीच्या वर्गांना इंग्रजी शिकवताना ही यंत्रे मी जवळजवळ रोज वापरते, आणि मला या दोन्ही मतांपेक्षा एक साधा हिशेब अधिक उपयोगी वाटतो. तास ३५ मिनिटांचा, वर्गात मुले ४५. हजेरी आणि माझे स्वतःचे बोलणे शून्य धरले तरी एका मुलाच्या वाट्याला बोलण्यासाठी पुरते एक मिनिटही येत नाही. म्हणून वर्गात कोणतेही नवे उपकरण आले की त्यामुळे हे मिनिट वाढते की आणखी घटते, एवढेच मी आधी पाहते.

आमच्या मुलांची भाषिक स्थिती समजून घेतल्याशिवाय या हिशेबाचे महत्त्व कळणार नाही. पूर्व नागपुरातून येणाऱ्या या मुलांच्या घरी वऱ्हाडी वळणाची मराठी बोलली जाते, काहींच्या घरी हलबी किंवा छत्तीसगढीही असते, आणि गल्लीत खेळताना सगळ्यांची भाषा हिंदी होते. म्हणजे इंग्रजी ही त्यांची तिसरी किंवा चौथी भाषा. राज्यात २००० सालापासून पहिलीतच इंग्रजी सुरू झाल्यामुळे आठवीत येईपर्यंत मुलाने सात वर्षे इंग्रजीचे पाठ्यपुस्तक हाताळलेले असते. त्याला धडा वाचता येतो, प्रश्नाखालचे उत्तर शोधून लिहिता येते, परंतु मनातली गोष्ट सांगण्यासाठी इंग्रजीत एक वाक्य उच्चारायचे म्हटले की तो शेजाऱ्याकडे पाहू लागतो. दहावीच्या परीक्षेत ८० गुण लेखी आणि अंतर्गत मूल्यमापनाचे केवळ २० असल्याने कोणी त्याला फारसा दोषही देत नाही.

मोठ्या पडद्याबद्दल माझी मुख्य तक्रार हीच आहे की त्याच्यासमोर वर्ग उत्तम श्रोता होतो आणि तेवढ्यावरच थांबतो. कॅनडात फ्रेंच माध्यमातून शिकणाऱ्या इंग्रजीभाषक मुलांचा अभ्यास करून मेरिल स्वेन यांनी १९८५ मध्ये मांडलेले निरीक्षण मला येथे वारंवार आठवते. वर्षानुवर्षे भरपूर फ्रेंच ऐकल्यामुळे त्या मुलांचे आकलन चांगले होते, पण बोलण्या-लिहिण्यात ती मागे होती, कारण बोलावेच लागेल असे प्रसंग त्यांच्यावर पुरेसे येत नव्हते. आमच्या मुलांना तर ऐकायलाही तेवढी इंग्रजी मिळत नाही, त्यामुळे पडदा अगदी टाकाऊ आहे असे मी म्हणणार नाही. दोन मिनिटांची चित्रफीत, तिच्याखाली इंग्रजीतलीच अक्षरे, आणि गरज पडल्यास मंदावलेला वेग, एवढ्यावर चांगला तास उभा राहतो. ज्या भाषेतला आवाज त्याच भाषेतली अक्षरे, ही कल्पना आपल्याकडे ब्रिज कोठारी यांनी १९९६ पासून अहमदाबादच्या आयआयएममधून साक्षरतेसाठी पुढे नेली. इंग्रजीच्या वर्गालाही ती तितकीच लागू पडते. खाली मराठी अक्षरे दिली की डोळे तिकडेच खिळतात आणि कान मिटतात. आपोआप तयार होणारी अक्षरे मात्र आधी घरी तपासून घ्यावीत, कारण त्यांत भारतीय नावांची जी दशा होते तिच्यावर वर्ग हसण्यातच अर्धा तास जातो.

रिमोटवरचे थांबवण्याचे बटण हे त्या टीव्हीतले मला सर्वांत मोलाचे वाटणारे साधन आहे. प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तरासाठी सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात, आणि ती वाट तीन सेकंदांपर्यंत नेली तर मुलांची उत्तरे लांब होतात, असे मेरी बड रो यांच्या अमेरिकेतल्या अभ्यासात दिसले होते. तो अभ्यास विज्ञानाच्या वर्गांचा होता. जो मुलगा आधी मराठीत विचार करून मग इंग्रजी शब्द जुळवतो, त्याला तीन सेकंदही अपुरे पडतात. तरीही चित्र गोठवून ठेवले की ती शांतता कोणाला अवघडल्यासारखी वाटत नाही, आणि मागच्या बाकावरून एखादे अर्धे वाक्य येतेच.

खरा फरक पडला तो मात्र जुन्या मोबाइलमुळे. माजी विद्यार्थ्यांनी दिलेले, सिमकार्ड नसलेले काही फोन शाळेकडे आहेत. चार-पाच मुलांच्या एका गटाला एक फोन देते आणि त्यातले आवाज टिपण्याचे साधे ॲप उघडायला सांगते. काम शक्यतो त्यांच्या ओळखीचे असावे लागते. नागपूर स्थानकावर मराठी, हिंदी आणि इंग्रजी या तिन्ही भाषांतून होणारी उद्घोषणा या मुलांनी लहानपणापासून ऐकलेली आहे, त्यामुळे तिचा साचा शिकवावा लागत नाही. मुंबईला जाणाऱ्या दुरांतोचा १२२९० हा क्रमांक एकेक अंक सुटा करून उच्चारणे, सुटण्याची वेळ सांगणे, गाडी उशिरा असल्यास दिलगिरी व्यक्त करणे, हे सगळे गटाने लिहून काढायचे, वाटून घ्यायचे आणि बोलायचे. दुसऱ्या गटाने ते रेकॉर्डिंग ऐकून आपल्या वहीत गाडी, वेळ आणि फलाट यांचा तक्ता भरायचा. तक्ता चुकला तर दोष ऐकणाऱ्याचा की बोलणाऱ्याचा, यावर जो वाद होतो तो अर्थातच अस्सल नागपुरी हिंदीत होतो आणि मी तो होऊ देते. रेल्वेचे वेळापत्रक घेऊन भाषा शिकवणे ही काही माझी कल्पना नव्हे. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातल्या काही शाळांत चालवलेल्या बंगळूर प्रकल्पात नकाशे आणि वेळापत्रके यांवर आधारलेली अशीच कामे होती, आणि तेथे साधन म्हणून खडू-फळ्यापलीकडे फारसे काही नव्हते. फोनमुळे त्यात एवढीच भर पडते की नऊ-दहा गट एकाच वेळी बोलू शकतात आणि बोललेले पुन्हा ऐकता येते.

या पुन्हा ऐकण्यातच सगळी गंमत आहे. पहिल्यांदा स्वतःचा आवाज ऐकल्यावर बहुतेक मुले “मॅडम, माझा आवाज असा काऊन येऊन राहिला?” असे विचारतात, आणि मग कोणी न सांगता तेच वाक्य पुन्हा बोलून पाहतात. मी चूक दाखवली असती तर मुलगा खाली बसला असता; स्वतःच्या कानाला ती लागली की तो पुसतो आणि नव्याने बोलतो. ऱ्हस्व-दीर्घ ‘इ’ हा आमचा नेहमीचा अडथळा आहे. मराठी बोलताना हा भेद आपण फारसा पाळत नाही, त्यामुळे ‘शिप’ आणि ‘शीप’ मुलांच्या तोंडी एकच होतात, आणि फळ्यावर कितीही समजावले तरी ते कानाने पकडल्याशिवाय जिभेवर येत नाही.

यापुढची पायरी म्हणून मी कधीकधी फोनमधली बोलून टंकण्याची सोय वापरते. मुलाने वाक्य बोलायचे आणि पडद्यावर काय उमटते ते पाहायचे. भाषेच्या यादीतून भारतीय इंग्रजी निवडणे येथे आवश्यक आहे, अन्यथा यंत्र उगाच नापास करत सुटते. तरीही त्याला परीक्षक मानू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्या उच्चारांना नागपूरचा सूर असणे हा दोष नव्हे, समोरच्याला कळले की काम झाले. शिवाय यंत्र पुढचा शब्द अंदाजाने भरते, म्हणून चुकीचा उच्चारही अनेकदा बरोबर उमटतो आणि मूल फुकटचे खूश होते. एप्रिलमध्ये शाळा सकाळची होते तरी पंखे पूर्ण वेगाने फिरत असतात आणि त्या घरघरीत कोणत्याही माइकला अर्धे शब्द कळत नाहीत. अशा वेळी गटांना व्हरांड्यात पाठवणे किंवा माइक असलेले स्वस्त इअरफोन देणे, हे दोनच उपाय मला सापडले आहेत.

खालच्या वर्गांसाठी गूगलने २०१९ मध्ये ‘बोलो’ या नावाने आणलेले आणि पुढे ‘रीड अलाँग’ झालेले ॲप बरे आहे, कारण त्यात मुलाला मोठ्याने वाचावेच लागते आणि गोष्टी उतरवून घेतल्यावर इंटरनेट नसले तरी चालते. प्रथम बुक्स या प्रकाशन संस्थेच्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर एकच गोष्ट मराठीत आणि इंग्रजीत मिळते, त्याचा उपयोग मी घरी वाचायला देण्यासाठी करते. पाठ्यपुस्तकांतले क्यूआर कोड ‘दीक्षा’ या सरकारी शैक्षणिक पोर्टलवर नेतात, तेथील साहित्य शिक्षकाच्या तयारीला उपयोगी आहे, मुलांना बोलते करण्याचे काम त्याच्याकडून अपेक्षू नये. निबंध लिहून देणाऱ्या चॅटबॉटबद्दल इतकेच म्हणेन की निर्दोष गृहपाठ आता काहीच सिद्ध करत नाही, म्हणून मी निबंधाचे गुण कमी केले असून त्याच विषयावर समोर उभे राहून विचारलेल्या दोन प्रश्नांना ते दिले आहेत.

आवाज टिपण्याबाबत एक पथ्य मी कटाक्षाने पाळते. २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल डेटा संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची अट घातली आहे. कायदा नसता तरी अडखळणाऱ्या मुलाचा आवाज पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर फिरवणे मला मान्य झाले नसते. रेकॉर्डिंग शाळेच्याच फोनवर राहते, आठवड्याअखेरीस पुसले जाते, आणि परिपाठाला ऐकवायचे असेल तर आधी त्या गटाला विचारले जाते. अनेकदा ते नाही म्हणतात.

जूनच्या अखेरीस विदर्भातल्या शाळा उघडतील तेव्हा नवीन खरेदीची यादी द्यायची आहे, आणि आणखी एका मोठ्या टीव्हीचा प्रस्ताव शाळेत आहेच. माझ्या यादीत माइकवाले दहा इअरफोन, दोन लहान स्पीकर, एक लांब एक्स्टेंशन बोर्ड आणि फोन कुलुपात ठेवण्यासाठी एक कपाट आहे. सगळे मिळून त्या टीव्हीच्या किमतीत सहज बसते, आणि उरलेल्या पैशांत फोनच्या बॅटऱ्याही बदलून होतील.