राक्षसाने हसायचं नाही

हौशी नाटकांची प्रकाशयोजना करतो, त्यामुळे सिनेमा बघतानाही माझी नजर आधी दिवे कुठे लावलेत ते शोधते. दिग्दर्शक मेल ब्रुक्सचा ‘यंग फ्रँकेन्स्टाइन’ (१९७४), म्हणजे जुन्या फ्रँकेन्स्टाइन भयपटांचं विडंबन, माझा लाडका आहे, तो विनोदांच्याही आधी त्यातल्या प्रयोगशाळेमुळे.

१९३१ च्या मूळ ‘फ्रँकेन्स्टाइन’साठी केनेथ स्ट्रिकफाडेन नावाच्या गृहस्थाने ठिणग्या उडवणारी, कडकडणारी यंत्रं बनवली होती. शास्त्राच्या नावाने बोंब, पण अंधारात वीज अशी नाचते की आता मेलेला माणूस उठून बसणार असं वाटायला लागतं. चाळीसेक वर्षांनी ब्रुक्सला कळलं की हे सामान म्हाताऱ्याने आपल्या गॅरेजमध्ये जपून ठेवलंय. दुसरा कुणी असता तर पुठ्ठ्याची नक्कल करून मोकळा झाला असता. याने तीच यंत्रं भाड्याने आणली, वर श्रेयनामावलीत त्याचं नाव दिलं. १९३१ मध्ये तेही मिळालं नव्हतं.

टिंगल करायला एवढा खटाटोप कशाला? कारण त्याशिवाय टिंगल होतच नाही. अत्र्यांची ‘झेंडूची फुले’ वाचलेल्यांना हे वेगळं सांगायला नको: वृत्त सांभाळता आलं नाही तर विडंबनाला हात लावू नये.

म्हणूनच ब्रुक्स कृष्णधवलवर अडून बसला. तो सांगतो ती गोष्ट अशी: कोलंबिया या चित्रपट कंपनीशी बोलणी झाली, निघताना दारातूनच त्याने सिनेमा रंगीत नसेल असं सांगून टाकलं आणि कंपनीची माणसं आरडाओरडा करत मागे धावली. सिनेमा शेवटी फॉक्सकडे गेला. आवाज बंद करून बघा. भिंतीवर चढणाऱ्या सावल्या, गोलात मिटत जाणारी दृश्यं. १९३० च्या दशकातलाच सिनेमा वाटेल.

मूळ कल्पना सिनेमाचा नायक जीन वाइल्डरची, आणि त्याची अट होती की ब्रुक्सने स्वतः पडद्यावर यायचं नाही. शहाणी अट. ब्रुक्स आला की प्रेक्षकांना डोळा मारल्याशिवाय राहत नाही. (कुबड्या नोकर झालेला मार्टी फेल्डमन मधूनच थेट कॅमेऱ्यात बघतो खरा, पण ते डोळे आणि ते जागा बदलणारं कुबड असलेल्या माणसाला सगळं माफ.)

आंधळ्या साधूचा प्रसंग तर मी कितीदा पाहिला असेन. १९३५ च्या ‘ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाइन’मध्ये झोपडीतला एकटा म्हातारा राक्षसाला जेवू घालतो, चिरूट देतो, मित्र हा शब्द शिकवतो. दिग्दर्शक जेम्स व्हेलने तो प्रसंग इतका हळवा केलाय की आजही घसा दाटतो. ब्रुक्सकडे तो म्हातारा आहे जीन हॅकमन, दाढीमागे ओळखूही येत नाही. उकळतं सूप राक्षसाच्या मांडीवर ओततो, पेल्याला पेला भिडवताना त्याचा पेला फोडतो, चिरूट समजून अंगठा पेटवतो. हॅकमन यातलं काहीही विनोद म्हणून करत नाही. त्याला खरंच सोबत हवी आहे. आणि पीटर बॉयलचा राक्षस दर वेळी नव्या आशेने पुढे सरकतो. बिचारा!

हे शहाणपण ब्रुक्सच्याही आधीचं. १९४८ मध्ये मूळ सिनेमे काढणाऱ्या युनिव्हर्सल कंपनीने ॲबट-कोस्टेलो या विनोदी जोडीला आपल्याच राक्षसांसमोर उभं केलं. बेला लुगोसीने ड्रॅक्युला म्हणून पडद्यावर १९३१ नंतर पुन्हा, आणि शेवटचा, झगा घातला तो या सिनेमात. एकही हशा तो स्वतः घेत नाही. शवपेटीचं झाकण हळूच उघडतं, त्यावरची मेणबत्ती सरकते, कोस्टेलोची बोबडी वळते आणि ॲबटचा विश्वासच बसत नाही. पेटीतला ड्रॅक्युला खराखुरा आहे, म्हणून बाहेरच्याची तारांबळ हसवते.

ब्रुक्सनेच १९९५ मध्ये लेस्ली नील्सनला घेऊन ड्रॅक्युलावर सिनेमा केला. तिथे ड्रॅक्युलाच धडपडतो, घसरतो, तोंडघशी पडतो. मग घाबरायचं कुणाला? रंगीतही आहे. मला तो अर्ध्यात कंटाळवाणा झाला.

ज्यांना हे सगळं ओळीने बघायचंय त्यांनी १९३९ चा ‘सन ऑफ फ्रँकेन्स्टाइन’ गाळू नये. लोक हमखास गाळतात. यंग फ्रँकेन्स्टाइनमधला लाकडी हाताचा पोलीस इन्स्पेक्टर, जो डार्ट्स खेळताना बाण स्वतःच्याच हातात खोचून ठेवतो, तो ब्रुक्सच्या डोक्यातून निघालेला नाही. लायनेल ॲटविलने १९३९ मध्ये अगदी गंभीर चेहऱ्याने तेच केलंय. केनेथ मार्सला भर घालायला जागाच उरली नव्हती, तरी पठ्ठ्याने डोळ्यावर काळी पट्टी बांधली आणि त्या पट्टीवर एका भिंगाचा चष्मा चढवला.