वर्ल्ड वॉर झेड: निम्मं वाचून झालं, आता खरी मजा

तर मंडळी अपडेट देतो, मॅक्स ब्रूक्सचं 'वर्ल्ड वॉर झेड', म्हणजे झॉम्बींशी (मेल्यावर उठून चालणारी माणसं) झालेल्या युद्धाची कादंबरी, आमच्या नाशिकच्या वाचन ग्रुपने निम्म्याच्या पुढे नेलंय. 2013 चा ब्रॅड पिटवाला पिक्चर बघून आलेली पोरं पहिल्याच मीटिंगला नाराज, कारण 2006 च्या या पुस्तकात हिरोच नाही, झॉम्बी पळत नाहीत, रखडत चालतात, आणि युद्ध संपल्यावर एक माणूस जगभर फिरून वाचलेल्या लोकांच्या मुलाखती घेतोय एवढंच. सुरुवातीला जाम अडकलो.

मग मुलाखती वाटून घेतल्या. ज्याच्या वाट्याला जी येईल त्याने ती घरी वाचायची आणि मीटिंगला ते पात्र होऊन मराठीत सांगायची, पुस्तक मिटून. कोणी मुलाखतींचं किंवा पत्रांचं पुस्तक घेतलं असेल तर हे कराच, फरक पडतो. अलंगची मुलाखत एका ताईंनी सांगितली, ते भावनगरकडचं जहाजं तोडायचं अलंग, किनाऱ्यावर माणसांची झुंबड आणि जो तो पोहत जहाज गाठायला बघतोय, तर ताईंचं सांगून झाल्यावर चहाला पण कोणी उठलं नाही.

पण मैदान मारलं काकांनी. देवळालीला राहतात, तोफखान्यातून रिटायर झालेत, त्यामुळे यॉंकर्सची लढाई त्यांच्याकडेच जाणार होती. अमेरिकन आर्मी टीव्ही कॅमेऱ्यांसमोर सगळा लवाजमा घेऊन उभी राहते आणि मार खाते, तो भाग. पोरं म्हणाली हे पटत नाही, रणगाडे असताना हरतील कसे? काका म्हणाले, "अरे, निम्मा फायर समोरच्याने डोकं खाली घालावं म्हणूनच असतो. ज्याला भीतीच नाही तो कशाला थांबेल? आणि धमाक्याने हातपाय गेले तरी हे सरपटत येणार, मेंदू फुटेपर्यंत." शिवाय पुढच्या लाटांसाठी दारूगोळाच पुरेसा आणलेला नसतो, त्यावर काका खरोखर चिडले, जणू त्यांच्याच युनिटने घोळ घातलाय.

सगळ्यात जास्त वाजलं ते रेडेकर प्लॅनवर. दक्षिण आफ्रिकेतली ती योजना, काही निवडक लोक सुरक्षित भागात न्यायचे आणि बाकीच्यांना मागे ठेवायचं, म्हणजे झॉम्बी त्यांच्यात गुंतून राहतील. आमच्याकडे लगेच नाशिकचा नकाशा निघाला. पुस्तकातले झॉम्बी चढू शकत नाहीत, युरोपात लोक जुन्या किल्ल्यांत तग धरतात, मग आपला हरिहर बेस्ट ना, त्या उभ्या कातळपायऱ्या कोण चढतंय! एकाने थंडीचं काढलं, पुस्तकात झॉम्बी गोठतात म्हणून. निफाडला पारा कितीही उतरू दे, तिथे पहाटे द्राक्षबागेत शेकोट्या लावून भागतं, झॉम्बी गोठायला तेवढी थंडी पुरायची नाही.

मग एक मावशी शांतपणे म्हणाल्या, "हरिहरवर माणसं मावणार किती? आणि यादी कोण करणार?" इथून जे भांडण सुरू झालं ते पार्किंगपर्यंत चाललं. (रेडेकर प्लॅनच्या मुलाखतीच्या शेवटी एक झटका आहे, वाचला नसेल तर सांगत नाही.)

माझं मत विचाराल तर भीती या पुस्तकात कमीच आहे, जीव आहे तो रेशन, दारूगोळा, रस्ते, कोणाला घ्यायचं कोणाला नाही या हिशोबात. ज्यांना रक्तमांसच हवंय त्यांना मधले भाग कंटाळवाणे वाटतील.

पुढच्या रविवारी जपान. नागासाकीच्या बॉम्बमध्ये दृष्टी गेलेला म्हातारा माळी दोघांना हवाय, चिठ्ठ्या टाकणार आहोत. आधी मिसळ, मग चिठ्ठ्या.