क्वीन्सलँडात आपली बाभूळ गुन्हेगार आहे

परवा इथे ऑस्ट्रेलियातल्या टाउन्सव्हिलमध्ये ओढ्याकाठचं तण काढायला शेजारपाजारचे सगळे जमलो होतो. एका बाईंनी लॅमिनेट केलेला फोटो हातात दिला, असं रोप दिसलं तर लगेच सांगा म्हणाल्या, आणि बघतो तर काय, बाभूळ! पिवळी गोंड्यासारखी फुलं, जोडीजोडीनं पांढरे काटे, मणी ओवल्यासारख्या शेंगा. "ही तुमच्याकडचीच ना?" बाईंनी सहज विचारलं, मनात काही नसणार त्यांच्या, पण मला ते लागलं. अजून डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहायला बसलो.

आता यावल-रावेरच्या माणसाला बाभूळ म्हणजे काय ते मी काय सांगू. वखराचं लाकूड तिचं, दातून तिचं, शेंगा शेळ्यांना, डिंक बाळंतिणीच्या लाडवात आणि राहिलेलं सगळं चुलीत. इथे तीच राष्ट्रीय पातळीवरच्या घातक तणांच्या यादीत आहे, कुणाला द्यायची नाही, विकायची नाही, रानात सोडायची नाही, असा कायदा. आप्पांना फोनवर सांगितलं तर म्हणे, "मंग वखराले लाकूड कायचं वापरता तिकडचे लोक?"

आणि ही काही आपल्या पायांनी इथे आलेली नाही हो. १८९० च्या दशकात इथल्याच लोकांनी आणली, १९२६ साली सरकारच्या शेतीखात्यानेच मेंढ्यांना सावली म्हणून लावा अशी शिफारस केली आणि १९५७ मध्ये तिला तण ठरवून टाकलं. पुढे लोकरीचे भाव पडले, मेंढ्या गेल्या, गुरं आली, गुरं शेंगा खातात आणि शेणातून बी माळभर पसरतं, आज ६० लाख हेक्टरहून जास्त जमीन तिने व्यापलीय. नुकसान खोटं नाहीये, ज्युलिया क्रीककडच्या गवताच्या माळावर एकदा बाभूळबन माजलं की खाली गवत उरत नाही, गवतावर गुरं पोसणाऱ्या कुरणवाल्याने काय करायचं? पण मग दोष झाडाला का? आपल्याकडे ती माजत नाही कारण तिला खाणारे, तोडणारे, पोखरणारे सगळे आजूबाजूला आहेत, इथे तिला आवरणारं कुणी नव्हतं. शेवटी बी पोखरणारा भुंगेरा यांना पाकिस्तानातून आणून सोडावा लागला! भारतातही शोधून झालं. झाड आणलं आणि त्याचा गोतावळा तिकडेच ठेवला, माझ्या मते सगळी चूक तिथे आहे.

बोराचंही तेच. आपण मेहरूणची बोरं म्हणून मिरवतो, इथे टाउन्सव्हिलच्या आसपास त्याच जातीच्या बोरीची काटेरी जाळी माजलीय आणि कायद्याचा हात तिच्यावरही आहे. बरं, यांची निलगिरी आपण देशभर लावली, तिला कुणी तोंडावर विचारतं का, बाई तू कुठली? आणि आपली शेवभाजी ज्या मिरचीशिवाय होत नाही ती मिरची अमेरिकेतली, शेंगदाणेही तिकडचेच. भरताचं वांगं तेवढं इथलं, म्हणजे आपल्याकडचं.

माणसांच्या बाबतीत मात्र इथल्या लोकांकडून शिकण्यासारखं आहे, हे मोकळेपणाने म्हणतो. मीटिंग सुरू होण्याआधी बिंडल आणि वुल्गुरुकाबा या मूळ रहिवाशांचं नाव घेतात. सुरुवातीला मला तो नुसता उपचार वाटायचा, मग एडी माबोंबद्दल वाचलं. टॉरेस सामुद्रधुनीतल्या मेर बेटाचा हा माणूस इथल्या जेम्स कुक विद्यापीठात माळी होता. आपल्या बेटावरची जमीन कायद्याने आपली नाही हे कळल्यावर कोर्टात गेला. कुठलं शेत कुणाचं, बांध कुठे, बापाकडून पोराकडे काय आलं हे सगळं पुराव्यात आलं आणि ३ जून १९९२ ला हायकोर्टाने (इथे तेच सर्वोच्च न्यायालय) मान्य केलं की इंग्रज येण्याआधीही ही जमीन लोकांची होती. माबो साडेचार महिने आधीच वारले होते. आज त्याच विद्यापीठाच्या लायब्ररीला त्यांचं नाव आहे.

हे वाचताना मला सारखा सातपुडा आठवत होता. आम्ही लेवा लोक पावागडाकडून आलो असं घरातली म्हातारी माणसं सांगतात, पण काळ्या जमिनीवर आमचा हक्क आहे का असं कधी कुणी विचारलेलं ऐकलं नाही. आणि वर डोंगरात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या भिल्ल-पावरांना, तडवींना मात्र कागद दाखवा म्हणतात! २००६ चा वनहक्क कायदा आहे ना, १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसत असलेली वनजमीन त्यांची धरायची, आणि गावातल्या म्हाताऱ्यांचा लेखी जबाब हाही पुरावा चालतो असं नियमातच लिहिलंय. इथल्या कोर्टाने बेटावरच्या लोकांचं तोंडी ऐकून घेतलं, मग आपल्याकडे पाड्यावरच्या म्हाताऱ्याचं ऐकायला काय हरकत आहे? यावल-चोपड्याकडचं कुणी हे वाचत असेल आणि ओळखीत कुणाचा दावा अडकला असेल, तर ग्रामसभेच्या वनहक्क समितीसमोर ते जबाब लिहून घ्या, सह्या-अंगठे घ्या, आणि उशीर करू नका, ती माणसं थकत चाललीयेत.