केमोनंतर मुलाचं तोंड येतं तेव्हा

मेथोट्रेक्झेट किंवा डॉक्सोरुबिसिन ही कर्करोगावरची केमोची औषधं दिल्यावर तोंड लगेच येत नाही. साधारण पाचव्या ते दहाव्या दिवशी आतली त्वचा लाल होते, मग सोलते. औषध झपाट्याने वाढणाऱ्या पेशींना मारतं आणि तोंडाचं अस्तर त्यांचंच बनलेलं असतं. त्याच सुमारास रक्तातल्या, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीही घटतात, म्हणून फोडातून जंतू थेट रक्तात जाऊ शकतात. खरी भीती त्याची.

गुळण्यांसाठी 1 लिटर उकळून गार केलेलं पाणी, त्यात चहाचा 1 सपाट चमचा मीठ आणि तेवढाच खायचा सोडा. बेकिंग पावडर नव्हे, ती वेगळी! जागेपणी दर 3-4 तासांनी गुळणी, थुंकायचं, उरलेलं रात्री ओतून द्यायचं. थुंकता न येणाऱ्या बाळाचं तोंड ओल्या गॉजने टिपावं. ब्रश अगदी मऊ. रक्त येतं म्हणून परस्पर बंद करू नका, साचलेल्या थराने हिरड्या आणखी सुजतात. अल्कोहोलचं माउथवॉश आणि तुरटी नकोच. सुन्न करणारं जेलही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको: घसा बधिर झाला तर घास श्वासनलिकेत जातो.

सहज पुसून न जाणारे पांढरे चट्टे बहुधा बुरशीचे. निस्टॅटिन (बुरशीवरचं औषध) आणि क्लोरहेक्सिडिन (जंतुनाशक गुळणी) दोन्ही लिहून दिली असतील तर मध्ये किमान अर्धा तास ठेवा, एकत्र दिल्यास निस्टॅटिनचा प्रभाव घटतो.

फोड नसताना जबडा दुखतोय? व्हिन्क्रिस्टिन या केमोच्या औषधामुळे असू शकतं. ताप 100.4 फॅरनहाइटवर गेला किंवा पाणीही गिळवेना, तर रात्र असली तरी रुग्णालय गाठा.