पहिलं कॉमिक कॉन: पोशाख दहा तासांसाठी बेता

कॉमिक कॉन म्हणजे कॉमिक्स-सिनेमाच्या चाहत्यांचा मेळावा; तिथे बरेच जण आवडत्या पात्राचा पोशाख करून जातात. पहिल्यांदा निघालेल्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: कुठलं पात्र करू? त्याच्याआधी तीन प्रश्न येतात. घरातून किती वाजता निघणार, कशाने जाणार, आणि पोशाख अंगावर किती तास राहणार? डोंबिवलीहून बीकेसीला (वांद्रे-कुर्ला संकुलात) जाऊन परत येणाऱ्यासाठी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नऊ-दहा तास येतं. दुपारी तीनच्या सुमारास हॉलच्या भिंतीला टेकून, खांद्यावरचं चिलखत मांडीवर घेऊन बसलेले जे वीर दिसतात, त्यांचं काम वाईट नसतं. ते आरशासमोरच्या पाच मिनिटांसाठी बेतलेलं असतं, एवढंच.

भारतात हा प्रकार २०११ च्या फेब्रुवारीत दिल्ली हाटात सुरू झाला. मुंबईचं कॉन गोरेगावच्या नेस्को प्रदर्शन केंद्रात भरलंय आणि बीकेसीच्या जिओ वर्ल्ड कन्व्हेन्शन सेंटरमध्येही, तेव्हा तिकिटावरचा पत्ता आणि दिवस नीट वाचा. तिकीट एकाच दिवसाचं असेल तर शनिवार घ्या. याचं कारण मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी काही तास रेल्वेमार्ग बंद. रविवारी मध्य आणि हार्बरवर ब्लॉक, पश्चिमेला कधी जंबो ब्लॉक. गाड्या कमी आणि गर्दी तीच, त्यात तुमच्या हातात चार फुटी तलवार. रविवारच जमत असेल तर आदल्या संध्याकाळी ब्लॉकच्या वेळा बघून ठेवा. ठाणे-डोंबिवलीकडच्यांनी घाटकोपरला उतरून मेट्रो १ धरावी. बीकेसीला जायचं तर मरोळ नाक्याला मेट्रो ३ मध्ये बदला. नेस्कोला जायचं तर वेस्टर्न एक्सप्रेस हायवे स्टेशनला उतरून गुंदवलीहून मेट्रो ७ ने गोरेगाव पूर्व. कुर्ल्याच्या पुलावरून विग सांभाळत जाण्यापेक्षा हे कितीतरी बरं. पश्चिम रेल्वेवरून नेस्कोला येणाऱ्यांना राम मंदिर स्टेशन जवळचं. पुण्याहून ७:१५ च्या डेक्कन क्वीनने निघालात तर दादरला दहा वाजून जातात, म्हणजे दार उघडतानाची रांग चुकू शकते. त्याचं वाईट वाटून घेऊ नका. बाराच्या पुढे रांग बहुधा ओसरलेली असते.

आता पात्र. पहिल्या वेळी पूर्ण चिलखत करू नका, हे आमचं ठाम मत आहे. कपाटातले कपडे, चांगला विग आणि एकच नजरेत भरणारी वस्तू, एवढ्यावर पात्र ओळखू येतं. ओळख पटते ती डोक्यावरून, त्यामुळे बजेटचा मोठा वाटा विगवर घाला. विग घेताना तो उष्णता सहन करणाऱ्या धाग्याचा आहे का ते विचारा. साध्या धाग्याच्या विगला स्ट्रेटनर लागला की केसांचा गोळा होतो. विंचरताना टोकाकडून वर यायचं, मुळापासून खाली नाही. स्वतःचे केस लांब असतील तर अंबाडा घालू नका, डोक्याला मागून टेंगूळ आल्यासारखं दिसतं. बारीक बटा करून, डोक्यावर सपाट गोल गुंडाळून आकडे लावा आणि वरून विगची जाळी चढवा. नवा विग आणल्या दिवशी घरात तासभर घालून बसा. कानामागे टोचणारी पट्टी त्याच दिवशी कळलेली बरी.

कपड्यांत जीव रमत असेल तर शिवणकामाला कमी लेखू नका. नऊवारीतली सुपरहिरोईन हा प्रकार दरवेळी भाव खाऊन जातो, आणि नऊवारीत लोकलमध्ये चढता येतं, जिना उतरता येतो, जमिनीवर मांडी घालून बसता येतं. बाजारातल्या निम्म्या तयार पोशाखांना यातलं काही जमत नाही.

तरीही फोमचं काहीतरी करायची हौस असतेच. मग एकच तुकडा करा: मनगटापासून कोपरापर्यंतचं हातावरचं चिलखत, ज्याला सगळे ब्रेसर म्हणतात. यात फोमकामातल्या जवळजवळ सगळ्या गोष्टी शिकून होतात.

फोम ईव्हीएचाच (चपलांच्या तळव्याला असतो तसला) हवा, हातासाठी ६ मिमी पुरतो. दुकानात नखाने दाबून बघा. खूण लगेच भरून आली तर घ्या, खड्डा तसाच राहिला तर तो फोम मऊ आहे, कडा कधीच नीट कापल्या जाणार नाहीत. घरातली जुनी योगा मॅट वापरायचा मोह टाळा. बऱ्याच मॅट ईव्हीएच्या नसतात, गरम केल्यावर आकार धरायचं सोडून चुरगळतात किंवा धूर सोडतात. पुण्यात रविवार पेठ, मुंबईत मस्जिद बंदर आणि क्रॉफर्ड मार्केटचा परिसर पायाखाली घातला की फोम, बक्कल, इलास्टिक, वेल्क्रो असं बहुतेक सामान मिळून जातं.

माप घ्यायला हाताला स्वयंपाकघरातली क्लिंग फिल्म गुंडाळा, वरून मास्किंग टेपचे दोन थर द्या, पेनाने रेघा काढा आणि आतल्या बाजूने कापून साल उलगडल्यासारखं काढा. हा झाला खाका. त्यावर वरची बाजू, मनगटाची बाजू आणि डावा-उजवा लिहून ठेवा. दुसऱ्या हाताला तोच खाका उलटा करून वापरायचा असतो, आणि दोन डावे हात तयार झाल्याचं कळतं ते सगळं चिकटवून झाल्यावर. आता खरी मेख. खाका कातडीवर घेतलेला असतो आणि फोमला जाडी असते. फोम गोल वळवला की आतली बाजू आखडते. त्यामुळे घेरात फोमच्या जाडीच्या सुमारे तिप्पट माप वाढवावं लागतं: ६ मिमीला जवळजवळ २ सेंमी, १० मिमीला ३ सेंमीच्या वर. हाताचा घेर २६ सेंमी असेल तर फोम २८ चा हवा, आत बाही असेल तर २९ ते ३०. ही वाढ विसरल्यामुळेच पहिलं चिलखत हातात शिरत नाही, आणि लोक बिचाऱ्या खाक्याला दोष देतात.

कापायला पात्याचे तुकडे मोडता येणारा कटर घ्या आणि पाती मोडायला कंजूषपणा करू नका. बोथट पातं फोम कापत नाही, फाडतं. कडेला दाते पडतात आणि सांधा कधीच मिटत नाही. पातं सरळ उभं धरून, एका लांब ओढीत कापा.

क्रम महत्त्वाचा आहे: आधी हीट गनने (खूप गरम हवा सोडणाऱ्या यंत्राने) आकार, मग चिकटवणं. उलट केलंत तर उष्णतेने सांधे उघडतात. केसांचा ड्रायर चालत नाही, तेवढा तापतच नाही. हीट गन एका जागी न थांबवता फिरवत राहा. फोमचा मॅट पृष्ठभाग किंचित चमकला की छिद्रं मिटली असं समजायचं. गरम तुकडा हातावर किंवा बाटलीवर वळवून थंड होईपर्यंत तसाच धरा. मध्येच सोडलात तर तो पुन्हा सरळ व्हायला बघतो.

चिकटवायला फेव्हिकॉल एसआर ९९८. दोन्ही कडांना पातळ हात द्या आणि दहाएक मिनिटं थांबा. बोट लावल्यावर तार सुटत नसेल तेव्हाच जोडा. ओलं असताना जोडलेला सांधा घरी घट्ट वाटतो. आत अडकलेलं द्रावण मग उन्हात काम दाखवतं आणि सांधा उकलतो. एकदा कडा टेकल्या की सरकवता येत नाहीत, म्हणून मधून सुरुवात करून दोन्ही टोकांकडे जा. खिडक्या उघड्या ठेवा, आणि गॅस, उदबत्ती, देवघरातला दिवा सगळं विझवून बसा. याची वाफ पेट घेते. आणखी एक: हाच फेव्हिकॉल थर्माकोलला लावू नका, थर्माकोल डोळ्यांदेखत विरघळतो. बहुतेक स्प्रे पेंटही तेच करतात. थर्माकोलला साधा पांढरा फेव्हिकॉलच.

रंगाआधी पांढऱ्या फेव्हिकॉलचे थर द्यायचे: तीन भाग फेव्हिकॉल, एक भाग पाणी, चार पातळ हात, प्रत्येक थर पारदर्शक झाल्यावरच पुढचा. एकच जाड हात दिला तर कोपराच्या वळणावर भेगा पडतात. वरून काळा ॲक्रिलिक, मग कोरड्या ब्रशने फक्त कडांवर चंदेरी. शेवटी वॉर्निश हवंच, कारण पांढरा फेव्हिकॉल घामाने पुन्हा चिकट होतो. आतल्या बाजूला तर तो लावूच नका. तिथे जुन्या सुती बनियनचं कापड चिकटवा. पावसाळ्यात स्प्रे वॉर्निश मारत असाल तर उघडीप बघा. दमट हवेत त्यावर पांढुरका पापुद्रा येतो आणि काळं चिलखत बुरशी आल्यासारखं दिसतं.

हेल्मेट करणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. आत हवा खेळायला ५ व्होल्टचा ४० मिमीचा पंखा बसवा, मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात मिळतो. यूएसबी वायर जोडली की पॉवर बँकेवर चालतो. पंखा हवा बाहेर फेकेल असा लावा, म्हणजे श्वासाची वाफ साचत नाही. काचेवर तरीही धुकं धरत असेल तर आतून भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब पसरवून कोरड्या फडक्याने पुसून घ्या. प्यायला स्ट्रॉ हवाच. कितीही तहान आवरली तरी फोमच्या आत अंग भिजतंच, आणि मुंबईच्या हवेत तो घाम वाळत नाही. साध्या पाण्याबरोबर लिंबू-मीठ-साखरेची एक बाटली ठेवा. आणि हो, स्वच्छतागृहात जाताना या पोशाखाचं काय करायचं याचा विचार शिवतानाच करा. एकसंध सूटला कमरेशी चेन नसेल तर दिवसभर पाणी न पिता राहणारे लोक असतात, आणि चक्कर येऊन पडणारेही तेच.

तलवार, भाला, काठी काहीही असो, दोन तुकड्यांत करा. आत अर्ध्या इंचाचा पीव्हीसी पाइप, मध्ये त्याच मापाचा कपलर, म्हणजे दोन पाइप जोडणारा तुकडा. जागेवर पोचल्यावर जोडा. धातू, काच, धार असलेली वस्तू आत सोडत नाहीत, त्यामुळे आयोजकांचे नियम बांधायला घेण्याआधी वाचायचे, नंतर नाही. खरी वाटणारी बंदूक स्टेशनात उघडी नेऊ नका. चादरीत गुंडाळून पिशवीत. गाडी घेऊन जाणाऱ्यांनी फोमचं सामान उन्हात उभ्या गाडीत सोडू नये. आतल्या उष्णतेने एसआरचे सांधे सैल पडतात आणि वळवलेला फोम पुन्हा सपाट होतो.

बुटांबद्दल वाद घालू नका. रोजचे, पायाला बसलेले स्पोर्ट्स शूज घाला आणि त्यावर रेक्झिन किंवा २ मिमी फोमचं आवरण शिवा. हॉलची जमीन टणक असते आणि आत बसायला जागा कमी. रंगीत लेन्स लावायच्याच असतील तर चष्म्याच्या दुकानातून डोळे तपासून घ्या, कॉनच्या आधी घरी लावून बघा, डबी आणि सोल्यूशन सोबत ठेवा, आणि दुसऱ्या कुणाच्या लेन्स कधीही नको.

सोबत एक साध्या कपड्यातला मित्र किंवा मैत्रीण न्या. चिलखत घातलेल्या माणसाला स्वतःच्या खिशातला फोन काढता येत नाही. पिशवी त्यांच्याकडे: सेफ्टी पिना, सुई-दोरा, काळी आणि पारदर्शक टेप, झटपट चिकटणारा गोंद, विगच्या पिना, टिश्यू, ब्लिस्टरला लावायच्या पट्ट्या, पॉवर बँक आणि परतीचे साधे कपडे. कापायला छोटी कात्री लागतेच, पण ती तपासणीत अडकू शकते, म्हणून नखं कापायचं यंत्र ठेवा. दोरा त्यानेही तुटतो.

आत गेल्यावर आधी संपूर्ण हॉलची एक फेरी मारा, पाकीट न उघडता. दारातल्या मोठ्या स्टॉलवरचं बरंच सामान एरवी ऑनलाइनही मिळतं. आपल्याकडच्या चित्रकारांची टेबलं बऱ्याचदा मागच्या भागात असतात आणि त्यांचे प्रिंट, स्टिकर, स्वतः छापलेली कॉमिक्स दुसरीकडे सहज मिळत नाहीत. पैसे तिथे जाऊ द्या. गर्दीत नेटवर्क कोलमडतं आणि यूपीआय गोल फिरत राहतं, तेव्हा शंभर-पन्नासच्या नोटा ठेवा. पोस्टरसाठी पुठ्ठ्याची नळी घरूनच न्या, प्रिंटसाठी ए३ ची फाइल आणि तिच्यात एक कडक पुठ्ठा. हातात गुंडाळी धरून आणलेलं पोस्टर दादरच्या पुलावर हमखास मोडतं.

कुणाचा फोटो काढायचा तर विचारून. खात असताना, पोशाख दुरुस्त करत असताना विचारूही नका. विग, पंख, कपडे यांना हात लावायचा नाही, कितीही खरं वाटलं तरी. तुमच्याशी कुणी असं वागलं तर लाजू नका, जवळच्या स्वयंसेवकाला तिथल्या तिथे सांगा. स्पर्धेत उतरायचं असेल तर नावनोंदणी दिवसाच्या सुरुवातीलाच बघून घ्या, आणि पात्राचं छापील चित्र व काम चालू असतानाचे फोटो जवळ ठेवा. परीक्षक शिवण उलटून बघतात, आणि हे स्वतः केलंय का, हे विचारतात.

घरी पोचल्यावर झोपायच्या आधी दहा मिनिटं द्या. फोम आतून ओल्या फडक्याने पुसून पंख्याखाली ठेवा, ब्रेसरमध्ये रिकामी बाटली घाला म्हणजे गोलाई टिकते. विग विंचरून, जाळीत घालून पिशवीत. आणि हे सगळं माळ्यावर टाकताना पत्र्याच्या छपराला लागून ठेवू नका, मे महिन्यात तिथेही सांधे उकलतात.