ब्लाऊजातली माया

मागच्या महिन्यात टेलरवाल्या ताईनं माझा ब्लाऊज उलटा करून डोळ्यासमोर धरला अन म्हणाली, "म्याडम, आता याच्यात मायाच नाई उरली." माया म्हणजे शिलाईच्या आत दाबून ठेवलेलं जास्तीचं कापड, हे बायांना सांगायला नको. दोन वर्षांत तीनदा उसवून झालं होतं, आता आत काही शिल्लकच नाही. मी हसले खरी, पण एसटीत बसल्यावर ते वाक्य काही डोक्यातून जाईना.

मी एका बँकेच्या खेड्यातल्या शाखेत कॅशियर आहे. यवतमाळ जिल्हा, एवढं सांगितलं तरी पुरे. तालुक्याहून रोजचं अपडाऊन. घरी वजनकाटा नाही, मुद्दामच घेतला नाही, पण बँकेसमोर धान्याच्या व्यापाऱ्याचं दुकान आहे अन सोयाबीनच्या दिवसांत त्याचा काटा बाहेरच मांडलेला असतो. एका दुपारी आजूबाजूला कोणी नाही असं पाहून मी हळूच चढले त्याच्यावर. ७१ किलो ४०० ग्रॅम. या शाखेत आले तेव्हा ५८ होते. आतून दुकानातला पोट्टा म्हणतो कसा, "म्याडम, ओलावा कापू का?" सोयाबीनमध्ये १२ टक्क्यांच्या वर ओलावा निघाला की कापतात ना, तसं. २०२४ च्या हंगामात सरकारी खरेदीत १५ टक्क्यांपर्यंत सूट दिली होती, माझ्यासाठी मात्र अशी कोणतीच सूट कोणी जाहीर केली नाही.

आता तुम्ही म्हणाल खात काय असशील. तर डब्यात दोन पोळ्या अन भाजी, रात्री एक भाकर अन वरण-भात, विचाराल त्याला मी हेच सांगते अन हे खोटंही नाही. फक्त अर्धंच आहे. बाकीचं अर्धं माझ्या काउंटरच्या खालच्या ड्रॉवरमध्ये असतं, चिवडा, बिस्किटचा पुडा, कोणी दिलेले पेढे. लिंक, म्हणजे बँकेचं नेट, गेली की ड्रॉवर उघडतो. म्हणजे समोर चाळीस माणसं पासबुक धरून उभी, स्क्रीनवर ते गोल गोल फिरून राहिलेलं, अन सगळे माझ्याकडे असे पाहतात की जणू ती वायर मीच दातानं तोडली. अशा वेळी हात आपोआप खाली जातो. २०२४ च्या ऑगस्टमध्ये लाडक्या बहिणीचे पैसे पडायला सुरुवात झाली तेव्हा तर आधार लिंक कर, केवायसी कर, आले का नाही आले सांग, लाईन पार लिंबाच्या झाडापर्यंत, त्या दोन महिन्यांत मी चिवडा किती खाल्ला याचा हिशोब फक्त किराणा दुकानदारालाच ठाऊक असेल. अन चार वाजता वरून वसुलीचा फोन येतो. टार्गेट किती, झालं किती, का नाही झालं. फोन ठेवला की आमचे शिपाईभाऊ न सांगता भजे घेऊन येतात, पेपरात बांधलेले, गरम. "टेन्शन नोका घेऊ म्याडम, भजे घ्या." आता एवढ्या मायेनं कोणी देऊन राहिलं तर नाही कसं म्हणायचं.

शेवटी मी कॅशियरच, खोड जात नाही. विड्रॉलच्या जुन्या स्लिपांच्या मागं पंधरा दिवस लिहून ठेवलं, काय खाल्लं, किती वाजता, अन त्याच्या आधी काय झालं होतं. तो तिसरा रकाना सगळ्यात मजेशीर निघाला. ज्या दिवशी कॅश पहिल्या मोजणीत जुळली त्या दिवशी चार वाजता काहीच नाही, सरळ घरी येऊन जेवण. ज्या दिवशी पाचशे कमी आले, दोन आलुबोंडे. ज्या दिवशी साहेब लोकांसमोर बोलले, त्या दिवशी बोंडे, कचोरी, अन घरी जाऊन रात्री साडेदहाला ओट्यापाशी उभ्या उभ्या गंजातला, म्हणजे पातेल्यातला, थंडा फोडणीचा भात. ताटातही घेतला नाही, चमच्यानंच. उभ्यानं खाल्लेलं मोजायचं नसते असा माझा एक समज होता, स्लिपा पाहिल्या तेव्हा तो गेला.

अन हेही लक्षात आलं की खरी भूक गरीब असते. तिला कालची भाकर अन जवसाची चटणी दिली तरी ती गप बसते. ही दुसरीवाली नखऱ्याची, तिला तळलेलंच पाहिजे, नाही तर गोड, भाकर समोर धरली तर तोंड फिरवते.

आमच्या गावच्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरबाई पैसे काढायला येतात. त्यांना एकदा लाजत लाजत विचारलं. त्या म्हणाल्या, किडनीच्या डोक्यावर टोपीसारख्या दोन छोट्या ग्रंथी असतात, ॲड्रिनल. एकदम घाबरलं की त्या आधी ॲड्रिनलिन सोडतात, त्यानं रक्त हातापायाकडं पळतं, पोटाचं काम थांबतं, तोंड कोरडं पडतं. मला पटलं, कारण आमच्याकडं टिपेश्वरचा वाघ ही काही पुस्तकातली गोष्ट नाही, अन वावरात वाघ दिसला तर भजे कोणालाच आठवणार नाहीत. पण वाघ येतो अन जातो. ताण संपलाच नाही, रोज चार वाजता फोन येतच राहिला, की त्याच ग्रंथींमधून कॉर्टिसोल नावाचं दुसरं एक संप्रेरक येत राहतं, ते शरीराला सांगतं की लढाई लांबणार, साठा भरून ठेव. मग गोड-तेलकट मागितलं जातं, अन त्यातलं बरंचसं जाऊन बसतं पोटाच्या भोवती. ब्लाऊजाची माया अन साडीचा काठ दोन्ही याला साक्षीदार आहेत.

अन झोप. मी पाचला उठते, कारण सातच्या गाडीच्या आधी दोघांचे डब्बे, पोराची शाळा, पाणी आलं तर पाणी. झोप झाली नाही की भूक वाढवणारं घ्रेलिन चढतं अन पोट भरल्याचं सांगणारं लेप्टिन उतरतं, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. हे लेप्टिन म्हणे १९९४ साली सापडलं. म्हणजे मी पाचवीत होते, फ्रॉक घालून बोरं खात फिरत होते अन तिकडं अमेरिकेत कोणीतरी माझ्या पुढच्या आयुष्याचं कारण शोधून राहिलं होतं.

इथवर सगळं जुळत होतं. पण मग काका कसे वाळले?

काका म्हणजे आमचे एक खातेदार. पाच एकर, अर्ध्यात कापूस अन अर्ध्यात सोयाबीन. २०२४ ला सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४८९२ रुपये होता पण बाजारात चार हजाराच्या आसपासच निघत होता, काकांनी गरजेपायी तसंच विकलं. अन मार्च आला की नवं-जुनं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, पीक कर्जाची सगळी रक्कम एकदा पूर्ण भरायची, मग बँक तेच कर्ज नवीन करून देते. कागदावर सोपं आहे, पण ती रक्कम चार दिवसांसाठी आणायची कुठून, तर कोणाकडून हातउसने नाही तर सावकाराकडून व्याजानं. काकांचा पासबुकावरचा फोटो गालांनी भरलेला आहे. काचेच्या पलीकडं उभा असलेला माणूस त्या फोटोचा मोठा भाऊ वाटतो, पँट सुतळीनं बांधलेली. काकू सोबत आल्या होत्या, त्या म्हणाल्या, "रातच्याले ताट समोर ठेवते अन हे नुसते पाह्यत बसतात. काहून नाई जेवत म्हटलं तं म्हणते घासच उतरत नाई."

म्हणजे पाहा, एकच कर्जप्रकरण. त्याची वसुली मला करायची अन भरणा त्यांना. फोन मला येतो, मी त्यांना करते. मधे फक्त एक काच. अन त्या काचेच्या या बाजूला तेरा किलो वाढले, त्या बाजूला किती कमी झाले कोणी मोजलं नाही. डॉक्टरबाईंना हेही विचारलं, त्या म्हणाल्या दोन्ही होतं, चिंतेनं काहींचं पोट बंद होतं अन काहींचं तोंड उघडं राहतं. एकाच माणसाचंही बदलतं. ते मला पटलं, बाबा दवाखान्यात होते तेव्हा मी पंधरा दिवस चहावर काढले होते, अन ते गेल्यावर दिवस झाल्यानंतर जी खायला लागले ती लागलेच. तेव्हा कोणी बोललं नाही, उलट शेजारच्या काकू म्हणाल्या, बरं झालं पोरगी जेवून राहिली.

सासूबाईंना यातलं काहीच पटत नाही. "खाल्लं तं बरं वाटते, त्यात कायचं वं कॉर्टिसोल." लहानपणी पडलं, रडलं, की हातावर गुळाचा खडा ठेवायचे अन रडणं थांबायचं, मी माझ्या पोरालाही तेच करते. मग चाळिशीत साहेब रागावले की जीभ गूळ शोधते, यात तिची काय चूक?

उपाय केले ना. फोनवर एक डाएट प्लॅन आला होता, त्यात सकाळी ओट्स अन कसल्या कसल्या बिया, आमच्या किराणावाल्यानं ओट्स म्हणजे काय हे मलाच विचारलं. ड्रॉवरमधला चिवडा काढून फुटाणे ठेवले. झालं असं की मी फुटाणे खाल्ले अन वरून भजेही खाल्ले. मग ठरवलं चार वाजताचा फोन झाला की मारुतीच्या पारापर्यंत एक चक्कर मारायची. दोन दिवस मारली. तिसऱ्या दिवशी मागं चार माणसं, "म्याडम, माह्यं काम झालं का?" पारावर बसून तीन जणांचे पासबुक पाहिले. चालणं झालं म्हणा थोडं.

३१ मार्चच्या दोन दिवस आधी काकांचं नवं-जुनं झालं. संध्याकाळी उशिरा मी फाट्यावर गाडीची वाट पाहत होते तर काका टपरीच्या बाकावर, समोर भज्यांची प्लेट, सोबत तळलेल्या मिरच्या, अन कसे खात होते, मान खाली घालून, कोणाशी न बोलता. मला पाहून हातातली मिरची घाईघाईनं खाली ठेवली, जणू चोरीच करत होते. म्हणाले, "आज भूक लागली बाप्पा." टपरीवाल्याला हात केला, "म्याडमले दे एक प्लेट, माह्याकडून."

मला भूक नव्हती. त्या दिवशी कॅशही जुळली होती, फोनही आला नव्हता. तरी बसले. प्लेटमध्ये दोन भजे राहिले तेव्हा गाडी आली, काका म्हणाले बांधून दे रे, अन ते दोन मी खिडकीपाशी बसून पुढचा फाटा यायच्या आत संपवले. त्या दिवशी स्लिपवर लिहायचं राहूनच गेलं. तिसऱ्या रकान्यात काय लिहिलं असतं कोण जाणे.